लटारीला सांगितलेला पिक्चर

१८ नोव्हेंबर १९५७, सोमवार
दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेबरोबर सिनेमाचा तंबूही आला. यंदा इंजिन नवं, पडदा मोठा. काल पहिल्या खेळाला आम्ही तिघं: मी, लटारी शिंपी, जंगल नाक्यावरचा पैकू. डाकूचं चित्र. आज शाळा सुटल्यावर नेहमीसारखी लटारीच्या दुकानात पंचायत. पैकूला मारामारी पसंत, घोडा पसंत, गाणी नकोत. मी म्हटलं, शेवट ओढूनताणून आणला. एका भाषणात डाकू सुधारतो कसा?
लटारीनं मशीन थांबवली. "मास्तर, बारा वर्ष जंगलात राह्यला म्हणते तो. कोटाची कालर पाह्यली का? कडक! जंगलात त्याले इस्त्री कोन करून देते?"
ल. चित्र असंच पाहतो, कपड्यांवरून. पैकू हसून हसून खाली बसला.

२ डिसेंबर
मायलेकींचं चित्र. मी रडलो, लपवलंही नाही. पैकू म्हणतो रटाळ. ल. म्हणाला, "मायच्या लुगड्याचं ठिगळ खरं आहे. टाका वाकडा आहे, म्हनजे कोन्या बाईनं सोता लावलं. बाकी मले काई माहीत नाई, पिक्चर चांगला."
आमच्यात एवढंच ठरलेलं आहे. जे पाहिलं, जे वाटलं, ते खरं सांगायचं. भांडण झालं तरी.
बोलता बोलता माझ्या नव्या सदऱ्याला बटणं लावत होता. पांढऱ्या कापडावर लाल ठिपके दिसले. "लटारी, रक्त!" सुई करंगळीत आत गेलेली. त्याला पत्ताच नाही. बोटाकडे असं पाहत राहिला, जणू ते दुसऱ्या कोणाचं आहे.
"दुखत नाई," म्हणाला. सुई ओढून काढली. परत म्हणाला, "दुखत नाई, मास्तर."

९ डिसेंबर
रजा टाकून ल.ला चांद्याला नेलं. डॉक्टरनं त्याला डोळे मिटायला लावले, हातावरून पीस फिरवलं. "कुठं लागतंय सांगा." तो वाट पाहत बसला, पीस कधी लागेल याची. पीस फिरून झालं होतं. मग कोपराची शीर दाबून पाहिली, सदरा काढायला लावला. पाठीवर फिका चट्टा. तो त्यालाही माहीत नव्हता.
महारोग.
गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील. पण हा प्रकार दुसऱ्याला लागणारा नाही, घरी राहून काम करू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं. दोनदा तेच सांगितलं.
परतीच्या मोटरीत गाव जवळ आल्यावर ल. म्हणाला, "टॉकीजवर नवीन बोर्ड लागला होता. पाह्यला का?"
मी पाहिला नव्हता.

२० डिसेंबर
गावात फुटलं. लोक शिवायला टाकलेली कापडं परत नेताहेत. कापलेलीसुद्धा. आत येत नाहीत, रस्त्यावरून हाक मारतात, "फेक इकडं."
कोणी सांगितलं असेल? पैकूनं नाही. मी फक्त बायकोला, शकुनला, सांगितलं होतं. म्हणजे मीच.
माझा नवा सदरा शकुननं काठीनं उचलून चुलीत घातला. डॉक्टरचं म्हणणं तिला सांगितलं. म्हणाली, "डाक्टरच्या घरी आठ महिन्याचं लेकरू आहे का?" सुमन तिच्या मांडीवर झोपली होती.

६ जानेवारी १९५८
कालचं लिहून ठेवतो. लिहिलं नाही तर उद्या स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन.
खेळ सुरू व्हायचा होता. ल. आला, आमच्याजवळ सतरंजीवर बसला, नेहमीच्या जागी. महिनाभर घराबाहेर निघाला नव्हता. आधी आमच्या मागची माणसं सरकली. मग बायकांच्या बाजूनं ओरडा. तंबूचा मॅनेजर आला, चार हात दूर उभा राहिला. "भाऊ, पब्लिक उठून चालली. तुम्हीच समजून घ्या."
पैकू उभा झाला. "तिकीट काहाडलं त्यानं! काऊन उठन तो?"
ल.नं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत होतो. पडद्यावर अजून काहीच नव्हतं.
ल. उठला. पैकू त्याच्यामागं गेला. मी बसून राहिलो, शेवटपर्यंत. चित्र कशाचं होतं, सांगता येणार नाही.

८ जानेवारी
ल.च्या घरी गेलो. त्याच्या बायकोचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. कधी पाठवणार ते बोलला नाही. ल. ओसरीवर, मी अंगणात. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"सांग," म्हणाला. "काय होतं रविवारच्या पिक्चरमधी?"
"लक्ष नव्हतं रे."
"मंग उद्या पुन्हा पाह्य. अन् मले सांग. आता तूच पाहाचं माह्यासाठी. पैकू अर्धं इसरते. तू खरं सांगतं."

२५ जानेवारी
तीन चित्रं सांगून झाली. आता मी कपडे पाहतो, कारण तो तेच विचारणार. बाहीला चुण्या होत्या का, काष्टा कसा होता. कथा सांगताना त्याचे हात हवेत कापड धरल्यासारखे हलतात. डाव्या हाताची दोन बोटं वळायला लागली आहेत.
ओसरीवर अजून चढलो नाही. तो म्हणतही नाही, ये म्हणून.

३ फेब्रुवारी
काल देवाचं चित्र. गर्दी मावत नव्हती. एक राजा ऋषीचा अपमान करतो, ऋषी शाप देतो, राजाला महारोग. तोंडाला कसलासा लगदा फासलेला. नगरातले लोक त्याला दगड मारून हाकलतात. शेवटी देव येतो, हात लावतो, अंग लखलखीत. बायका हात जोडून रडत होत्या. मागून कोणी बोललं, "पाप फेडाच लागते." दुसरा म्हणाला, "आपला शिंपीच झाला हा तं." लोक हसले.
आज ल. वाटच पाहत होता. "देवाचं होतं म्हणते. सांग."
मी सांगितलं, राजा आंधळा होतो.
तोंडातून निघून गेलं. मग सगळंच रचत गेलो. काठी, खड्डे, नदी ओलांडणं, शेवटी दृष्टी. वनवासात अंगावर काय होतं, त्यानं विचारलं. म्हटलं, तोच जरीचा अंगरखा. "आंधळ्याले कोनी सांगतलं नसन, बदल म्हणून," असं म्हणून हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला. घरी येताना मला हलकं वाटत होतं.

११ फेब्रुवारी
पैकूनं सांगून टाकलं. मुद्दाम नाही. वाद घालायला म्हणून गेला होता. "आंधळा कुठी होता बे राजा?"
मी गेलो तेव्हा ल.नं मान वर केली नाही.
"पिक्चर खोटा असते, चालते. तू काऊन खोटा बोल्ला?"
"तुले वाईट वाटन म्हणून."
"वाईट तं रोज वाटते. सारं गाव तोंड चुकवून दुरून जाऊन राह्यलं. एक तूच होता खरं सांगनारा." मग विचारलं, "लोकं राजाले हाकलून देते, तवा कोनी उभं राह्यते का त्याच्यासाठी?"
"नाही."
"मंग तेवढं बराबर दाखवलं."

१९ फेब्रुवारी
ल. गेला. चांद्याच्या पलीकडे रोग्यांची वसाहत आहे, तिथे औषधही देतात, कामही. मोटरवाल्यानं चढू दिलं नाही. पैकूनं लाकडाच्या ट्रकवर बसवून दिलं, सोबत मशीन. ट्रक शाळेवरून गेला. मी तिसरीला पाढे म्हणवून घेत होतो. दारापर्यंत गेलो असतो तर दिसला असता. मुलं थांबली होती, मीच पुढचा पाढा सांगितला.

७ एप्रिल
तंबू उठायच्या आधीचं शेवटचं चित्र. एकटाच गेलो. पैकू दुसऱ्या टोकाला बसला, बोलत नाही. चित्र चांगलं होतं, बहुतेक. सांगायला कोणी नाही, तर चांगलं होतं की नव्हतं हेही नीट ठरत नाही.

३ मे
ल.चं पत्र. अक्षर दुसऱ्याचं, बोलणं त्याचं.
"इथी सगळ्यायचे कपडे मीच शिवतो. डाव्या हाताची तीन बोटं काम करते. सुई पाहून पाहून टोचा लागते. ११ तारखेले, रविवारी, पडदा लावून पिक्चर दाखवनार आहे. पाह्यनारे सारे इथलेच, बाहेरून कोनी येत नाई. तू ये. माह्याजवळ बस. मंग सांगू एकमेकाले, कसा वाटला तं."
रागाचा एक शब्द नाही. तीनदा वाचलं.
शकुनला वाचून दाखवलं. म्हणाली, "जा तुम्ही. मी कोन अडवनारी? पन आल्यावर सुमनले हात लावाचा नाई. किती दिवस, ते मी सांगीन."

१० मे, शनिवार
शाळेला सुट्टी, म्हणजे न जायला तेही कारण नाही. डॉक्टरचं बोलणं आज शकुनला परत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "तुमचा भरोसा आहे का त्याच्यावर?" म्हणाली. मी लगेच हो म्हणालो नाही, ते तिनं पाहिलं.
संध्याकाळी पैकू दारात. तीन महिन्यांनी. आत ये म्हटलं, आला नाही.
"उद्या सातच्या मोटरनं मी चाललो लटारीकडं. जागा एक धरू का दोन?"
आत शकुन सुमनला थोपटत होती. थोपटणं थांबलं.
"सांगतो," म्हटलं मी.
पैकू अंधार पडेपर्यंत अंगणात उभा होता. मग गेला.