लॉबीतले सरदार

मयूर विहार, दिल्ली
मार्गशीर्ष, थंडी वाढतेच आहे

तीर्थस्वरूप कल्पनावन्सं यांना सुमित्राचा नमस्कार (साष्टांग घातला असता, पण गुडघ्यांनी परवानगी नाकारली आहे).

खोकला कसा आहे? ज्येष्ठमध पाठवलं होतं ते घेताय, की डब्यात जपून ठेवलंय? नाशिकला थंडी असेलच, पण आमच्याकडे थंडीबरोबर धूरही येतो. म्हणून तुमचे बंधुराज माकडटोपीवर मास्क लावून फिरायला जातात आणि शेजाऱ्यांनी ओळखलं नाही म्हणून रागावून परत येतात. फोन न करता पत्र कसं, असं तुम्हाला वाटेल. वन्सं, या दोन खोल्यांत मी फोन उचलला की हे पेपर खाली ठेवून ऐकत बसतात, आणि आजचा विषय तर त्यांचाच आहे.

मयुराने तुम्हाला अर्धंच सांगितलं असणार (लेकी आयांना अर्धंच सांगतात). हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, रिजला (इथली जुनी खडकाळ टेकडी) लागून एक नवं हॉटेल झालंय, इतकं भारी की आत शिरताना आपला आवाज आपोआप खाली येतो. तिथे कुठली चित्रं लावायची, कुठे आणि का, हे सगळं तुमच्या लेकीने ठरवलं. तिचं हे काम ह्यांच्या पचनी पडत नव्हतं. चित्र चित्रकार काढतो, खिळा सुतार मारतो, मग तू काय करतेस, असं ते तिला येता-जाता विचारायचे. शेवटी पोरीने शांतपणे विचारलं, की मामा, तुम्ही ऑफिसात फाइल लिहीतही नव्हता आणि उचलतही नव्हता, तरी ती तुमच्याशिवाय पुढे सरकत होती का? तेव्हापासून ह्यांना ते काम फार जबाबदारीचं वाटू लागलं आहे.

हॉटेलच्या मालकांचं म्हणणं, भिंतींवर इथलीच जमीन आणि इथलाच इतिहास दिसला पाहिजे. म्हणजे रिजवरचे खडक, कीकरची म्हणजे बाभळीची झाडं, जुन्या काळची माणसं. (माकडं मात्र नकोत.) मयुराने पानिपतच्या विणकरांकडून वैशाखातल्या रिजच्या रंगाचे मोठे पट विणून घेतले. ते आणायला हे हौसेने बरोबर गेले. पानिपतची पाटी दिसताच ह्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि उतरून मौन पाळलं. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, त्यालाही हाताने गप्प राहायला सांगत होते. एवढं करून आणलेले ते पट पाहून मालक म्हणाले, "बहुत सुंदर, बस एक बार धुलवा लीजिए." ही धूळ नाही, रंग आहे, हे पटवता पटवता पोरीचा घसा बसला.

मग निघालं, की जुन्या काळी ग्वाल्हेरकडून आलेली आपली माणसंही रिजवर राहून गेली आहेत, तेव्हा भिंतीवर मराठा सरदार हवाच. खरा कोणी नव्हे, कल्पनेतला. अंकुर नावाचा चित्रकार त्यासाठी समोर बसायला कुणी भारदस्त मराठी माणूस शोधत होता, आणि मयुराने मामाकडे पाहिलं. वन्सं, निवृत्त झाल्यापासून ह्यांच्याकडे इतक्या आशेने कोणी पाहिलं नव्हतं. महिनाभर मिशा वाढवल्या. भाड्याने आणलेला फेटा राजस्थानी बांधणीचा म्हणून परत पाठवला आणि माझं अंजिरी इरकल काढून स्वतःच्या हाताने पगडी बांधली (इरकल अजून मला परत मिळालेलं नाही). अंकुर सारखा म्हणायचा, "अंकल, थोड़ा रौब लाइए." आता रुबाबाची एकच तऱ्हा ह्यांना ठाऊक. त्यांनी तलवार अशी धरली, की आता फाइलवर 'चर्चा करा' असा शेरा मारणार.

चित्र लागलं, हॉटेल उघडलं, आणि तेव्हापासून दर रविवारी हे मला घेऊन मेट्रोने तिथे जातात. मी लांबच्या कोचावर बसून चहा पिते (आपल्याकडे एवढ्या फिक्या चहाला भांडं विसळलेलं पाणी म्हणतात) आणि हे चित्राखाली हात मागे बांधून उभे राहतात. कोणीतरी ओळखावं, एवढंच त्यांच्या मनात असतं. पण वर सरदार पगडीत आणि खाली हे माकडटोपीत! मिशाही आता राहिल्या नाहीत, सूप पिताना अडचण व्हायची. लोक येतात, चित्र बघून वा वा करतात, आणि ह्यांच्याच हातात मोबाइल देऊन म्हणतात, "अंकल, एक फोटो खींच देंगे?" हे काढून देतात. वर, जरा सरकून उभे राहा, तलवार कापली जातेय, असंही सांगतात. मागच्या रविवारी एका बाईंनी तर ह्यांना हॉटेलचाच माणूस समजून खोलीची किल्ली मागितली. मी हसत होते, तेवढ्यात हे जवळ आले, त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू गेलं. ज्यांची चाहूल लागली की अख्खा सेक्शन सरळ बसायचा, त्यांना आता कोणी विचारत नाही. मला फार वाईट वाटलं, वन्सं. मी चेष्टा करते तो माझा हक्क आहे; पण बाहेरच्यांनी त्यांना असं ओलांडून जाऊ नये.

असो. खोकल्याची हयगय करू नका.

तुमची,
सुमित्रा

ता. क. जानेवारीत तुम्ही येणारच आहात. स्टेशनवरून घरी यायच्या आधी त्या हॉटेलात चहा प्यायचा हट्ट धरा. लॉबीत शिरलात की चित्राकडे बोट दाखवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "अगंबाई, हा तर आमचा शांताराम!" तुमचा आवाज त्या कामाचा आहे.

आणखी एक ता. क. म्हणायच्या आधी चष्मा लावा. त्या भिंतीवर सरदार दोन आहेत. उजवीकडचे हे. डावीकडचा इथल्या रोहिणी भागातल्या जिमचा ट्रेनर, तिशीचा, चांगला रुंद खांद्यांचा. उद्घाटनाला मी चष्मा घातला नव्हता (चांगल्या साडीवर मी घालत नाही) आणि त्या ट्रेनरपुढे उभी राहून, "अगदी तुम्हीच हो!" म्हणत डोळे पुसले. चूक मला मागाहून कळली. त्यानंतरच ह्या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. बायकोनेच ओळखलं नाही, हे त्यांच्या मनाला लागलं असणार. वन्सं, एवढं तुम्ही निस्तरा.

ता. क. (शांतारामकडून) ताई, पाकिटावर पत्ता घालायला हे माझ्याकडे आलं. आलेला कागद न वाचता पुढे पाठवायची मला सवय नाही. लॉबीत ओरडू नकोस. मी उभा राहतो तो माझ्या चित्राखाली नाही, डावीकडच्या; लांबून, चष्म्याशिवाय तिला ते उमगलेलं नाही. इतकी वर्षं संसार केलेल्या बायकोला मी अजून तसा दिसतो, त्याचं मला फार अप्रूप वाटतं, म्हणून दर रविवारी जाऊन तो गडी नीट बघून येतो. हे तिला सांगू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी चष्मा लावून येईल.