अणुवीज केंद्राच्या दारात मी वाजलो

प्रिय मेहुणेबुवांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे बसल्या बसल्याच घातला, गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे मजेत आहेत. मी कसा आहे ते ओघानं येईलच, घाई करू नका.

पत्रास कारण तुमची भाची. मागं जेवताना चारचौघांत तुम्ही म्हणाला होतात, की एवढी शिकून पोरगी शेवटी अणू फोडून पाणीच तापवते; त्यातही तीन भाग उष्णतेची वीज होते एकच भाग, उरलेले दोन केंद्राशेजारच्या तळ्यात; असला आतबट्ट्याचा धंदा तुमच्या भांड्यांच्या दुकानात केला असता तर कधीच कुलूप लागलं असतं. आकडा बरोबर होता, हे मान्य. (तो तिनंच तुम्हाला सांगितला होता, हे तुम्ही सोयीनं विसरलात.) आता ऐका. ते दोन भाग तळ्यात गेल्यावर पाणी किती तापतं, मासे कुठं सरकतात, हे मोजायचं हेच तर तिचं काम. या उन्हाळ्यात तिनं स्वच्छ लिहून दिलं, की तळं मर्यादेबाहेर तापतंय, वीज कमी करा. तिच्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण केली कमी. केंद्रातून धूर निघत नाही हे ती लिहिते, आणि वापरलेलं इंधन आपल्या खापरपणतवंडांनाही सांभाळत बसावं लागणार, हेही लिहिते. लपवाछपवी तिला जमतच नाही. हा गुण आमच्या घराण्यातला. (तुमची बहीण म्हणते, तिच्या. असो.)

तर गेल्या आठवड्यात घरच्यांना केंद्र दाखवायचा दिवस होता. तुमची बहीण गर्दी नको म्हणून घरीच राहिली, हे देवाचे उपकार. मी कडक इस्त्री करून रांगेत उभा. मी कोणाचा बाप, हे मागच्या-पुढच्यांना सांगून झालं होतं (पुढच्याला दोनदा). फाटकाशी किरणोत्सार पकडणारी एक चौकट आहे. माझ्यापुढचे सगळे मुकाट पार झाले. मी पाऊल टाकलं आणि चौकटीनं असा गळा काढला, की रांग झरकन मागं सरली. पहारेकरी अदबीनं म्हणाला, घड्याळ काढा. मग पट्टा. मग बूट. एका हातानं पँट धरून मी मोज्यांवर उभा, आणि चौकटीचा ठणाणा चालूच. यंत्र बिघडलंय, असं मी ठणकावून सांगितलं, आणि माझी मुलगी कोण आहे तेही. म्हणून त्यांनी तिलाच बोलावलं.

ती आली, मागोमाग साहेब. हातातलं छोटं यंत्र तिनं बुटांवरून, घड्याळावरून फिरवलं. ते गप्प. माझ्या छातीशी आणलं तसं किरकिरायला लागलं. तिनं ते खाली केलं.

"बाबा, हृदयाची तपासणी कधी केलीत?"

झालं! आदल्या दिवशी मिक्सर दुरुस्तीला नेतो म्हणून मी जो बाहेर पडलो, तो इस्पितळात गेलो होतो. तिथं हृदयाचा फोटो काढायला शिरेत किरणोत्सारी औषध टोचतात, ते काही दिवस अंगात राहतं. पोरीचे डोळे भरून आले, पण यंत्रावरचा आकडा तिनं आधी वहीत लिहिला. साहेबांना तिनं शांतपणे सांगितलं, की गळती नाही, हे माझे वडील आहेत. मेहुणेबुवा, एवढं अवाढव्य केंद्र, आणि त्या दिवशी दारात किरणोत्सारी निघाला एकटा तुमच्या बहिणीचा नवरा! स्वच्छतेचा आणखी काय पुरावा हवा तुम्हाला? अणुभट्टी पाहायची राहिली, पण माझी लेक कामावर कशी असते ते पाहिलं. छाती अभिमानानं भरून आली. (असं काही करायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.)

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

अजून थोडा थोडा वाजणारा,
तुमचा मेहुणा

ता. क. – ऑपरेशन ठरलं आहे. तुमच्या बहिणीला पत्ता नाही. लेकीनं मला रविवारपर्यंत मुदत दिली आहे, नाहीतर ती स्वतः सांगणार; आणि ती काही हातचं राखून सांगत नाही, ते वर लिहिलंच आहे. मला भीती वाटते हो. ऑपरेशनची कमी, तुमच्या बहिणीची जास्त. तेव्हा तुम्हीच येऊन सांगा. अणूबद्दल इतकी वर्षं वाईट बातम्या देताय, तुम्हाला सराव आहे.

आणखी एक ता. क. – हृदयाचीही कार्यक्षमता मोजतात म्हणे, दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं त्यावरून. माझं तीन भागांतला एकच भाग ढकलतं. लेक म्हणाली, "आमच्या केंद्राइतकंच आहे की, बाबा," आणि मग रडली. त्या एका भागाला तुम्ही मागं हसला होतात, मेहुणेबुवा. या वेळी हसू नका. शनिवारीच या.