अलिनाचं गाणं, फुल्ल क्वालिटीत

५ जानेवारी, रविवार
अलिनाचं पहिलं गाणं आलं. पुण्यात कॉलेजातल्या मुलांनी मिळून केलंय, एका छोट्या साइटवर डाउनलोडला आहे. इथे कुवेतमध्ये, शुवैखच्या दुकानातल्या कम्प्युटरवर लगेच उतरवून घेतलं. थोडं वाजवलं. फक्त टेस्टिंग. बाकीचं घरी, नीट स्पीकरवर. लेकीचं गाणं ब्रेक-पॅडच्या खोक्यांत बसून ऐकायचं नसतं.

७ जानेवारी, मंगळवार
राईच्या मार्केटातून स्पीकर आणले. बायको, बिल्कीस, फोनवर म्हणाली, एकट्या माणसाला एवढे मोठे कशाला? तिला समजावलं, ती आणि अलिना भारतात गेल्यापासून खैतानचा फ्लॅट कसा शांत झालाय. आवाजासाठी आदर्श. तिने विषय बदलला. पटलं असावं.

१० जानेवारी, शुक्रवार
दुकानातला भागीदार अशरफ आणि वरच्या मजल्यावरचा राजन, दोघांना ऐकायला बोलावलं. बिर्याणी केली. घरच्या कम्प्युटरवर फाइल उघडेना. म्हणे ज्या कम्प्युटरवर पहिल्यांदा उघडली तिथेच वाजणार. कॉपी होऊ नये म्हणून कुलूप. मी चोर आहे का? मुलीचा बाप आहे. राजन म्हणाला, मग क्रिकेट लावा. कॉमेंट्री अप्रतिम ऐकू आली. जेवले आणि गेले.

१३ जानेवारी, सोमवार
साइटला मेल केला. उत्तर मशीनचं.
अलिना म्हणाली, "अब्बा, I'll just WhatsApp you the MP3." नको म्हणालो. MP3 म्हणजे दुसऱ्यांदा उकळलेली चहापत्ती. रंग येतो, चव नाही. बराच वेळ समजावलं. तिला लेक्चर होतं.

१६ जानेवारी, गुरुवार
दुकान बंद करताना कम्प्युटरच उचलून गाडीत घातला. सगळा स्टॉक त्यात आहे, अशरफ ओरडला. उद्या दुपारी येऊन घेऊन जा म्हटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार, दुपार
ऐकलं. तबला डावीकडे, गिटार उजवीकडे. बास किंचित जड. खुर्ची मागे सरकवली, मग बरोबर. अलिनाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. सारखं ऐकत होतो. अशरफ आला, कम्प्युटर घेऊन गेला. मिशन सक्सेसफुल.

त्याच दिवशी, संध्याकाळ
अलिनाला फोन लावला. बास, तबला, श्वास, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग विचारलं, "And the second verse? तुम्हाला कसं वाटलं?"
गिटार छान आहे म्हणालो.
म्हणाली, "अब्बा, ते तुमच्यावर आहे. तुम्ही एअरपोर्टवर आम्हाला सोडून परत जाता, ते."
शब्द आठवेनात. एकही नाही. गिटारच्या वेळी मी उजवा स्पीकर भिंतीपासून लांब करत होतो.
म्हणालो, ते MP3 पाठव बरं, कम्पॅरिझनसाठी.
ती बाहेर होती. हॉस्टेलवर गेल्यावर पाठवते म्हणाली.
फोन चार्जिंगला लावलाय. रिंग फुल्ल केली आहे.
अजून आलेलं नाही.