तिसऱ्या ओळीतला श्वास

अण्णा, तुम्ही पिरंगुटच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लार्नेट वाजवायचात. एका डिसेंबरात रिहे गावच्या फार्महाऊसवाल्यानं तुम्हाला नाताळचं एक जुनं इंग्रजी गाणं वाजवायला सांगितलं आणि तुम्ही आठवडाभर कॅसेट ऐकून ते बसवलंत. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसून वाजवताय, आई भाकऱ्या थापतेय, आणि तिसऱ्या ओळीत, सूर अर्धा तोडून, तुम्ही श्वास घेताय. मी कॉलेजात जाणारी. म्हटलं, इथं थांबत नाहीत, लोक हसतील. क्लार्नेट पुसत तुम्ही म्हणालात, "दम जितं संपतुया तितंच घ्यायचा. त्याची लाज कसली?" पण फार्महाऊसवर मला गर्दीत उभी पाहिलंत आणि ती ओळ न थांबता वाजवलीत. नंतर झाडाखाली बसून किती वेळ खोकत होतात. तुमचं एक फुप्फुस निकामी झालंय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आता मी मुळशी धरणाकाठच्या एका रिसॉर्टमध्ये कार्यक्रमांचं बघते. गेल्या नाताळात मालकांनी तेच गाणं तीन तऱ्हांनी बसवायला सांगितलं. दुपारच्या तालमीत पुण्याची एक मुलगी ते जॅझमध्ये गात होती. तिसऱ्या ओळीत ती शब्द तोडून थांबली. मी विचारलं, तर म्हणाली, मी थांबलेच नाही. मग गिटारवाल्या पोरांनी ते रॉकमध्ये वाजवलं, तर ड्रमसकट सगळे नेमके तिथंच गप्प झाले. त्यांनाही ते जाणवलं नव्हतं. मला वाटलं, माझेच कान वाजतायत. शेवटी नांदे गावचं भजनी मंडळ बसलं. पेटी, पखवाज, टाळ, आणि तेच गाणं भजनाच्या ठेक्यात. तिसऱ्या ओळीत टाळ थांबले. त्या शांततेत मला कुणीतरी लांब, घरघरत श्वास ओढलेला ऐकू आला. मी पेटीवाल्या बुवांना विचारलं, का थांबलात? ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

"तुमच्या मागं बसल्यात त्यांना धाप लागली हुती, ताई," ते म्हणाले. "त्यांचा दम घेऊन होईस्तवर थांबलो."

माझ्यामागे रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि काचेपलीकडे धरणाचं पाणी. मी परत वळले तोवर बुवांनी पुढची ओळ धरली होती.

आईला यातलं काही बोलले नाही. हे पत्रही कपाटातच राहील. यंदा नाताळात मालकांनी मला आपणहून रजा देऊ केली होती. घरी मी सांगितलंय, मिळाली नाही.