गाय बसली ती जागा

सिद्धेश्वर धरणाजवळचा तांडा,
चैत्र, १९९८

बा,

माणसानं घर कुठं बांधावं? घरातली पहिली बी.ए. झाले, तरी याचं उत्तर मला येत नाही. तुम्ही ऊसतोडीला जाताना सडकेकाठची जागा ठरवून गेलात. पण मी वर्षभर वहीत लिहून ठेवलंय. तिथं पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, उन्हाळ्यात डांबराची धग लागते. टेकडीच्या पूर्वेला मात्र चार वाजताच सावली येते. मी तिथं खुंटी ठोकली!

याडी हसली, लेकीला आई हसते तशी. "पोरी, वहीत वारा मावतो व्हय? तुझा आजा भर उन्हात गाय सोडायचा. ती जिथं रवंथ करीत बसंल, तिथं तांडा."

मी गाय सोडली. बा, ती सडकेकडं वळलीसुद्धा नाही! माझी खुंटी ओलांडून तीस पावलं खाली जाऊन बसली. मीही तिच्याशेजारी बसले, तर धरणावरून गार वारा येत होता. माझ्या वहीत तो नव्हताच. मी खुंटी हलवली.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुम्ही नको म्हणाल, आणि जुन्या झोपडीची टिनं मी कालच उतरवून गाईजवळ नेली.

तुमची लेक,
दिपा