मापाचे औषध

४ फेब्रुवारी

किळस आली! प्रतीक्षागृहात समोरचा गृहस्थ पिशवीत खाकरून थुंकत होता आणि थुंकून झाल्यावर आत डोकावून पाहत होता, जणू काही हरवले आहे. शेजारी कोणी संत्रे सोलत होते. फिनेल आणि संत्रे! हा वास आता नाकातून जाणार नाही.

डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. एक वाक्य धड एका भाषेत नाही. "आजोबा, आजींची स्टेज ॲडव्हान्स्ड आहे, सो टिश्यू टेस्ट करून मग केमो डिसाइड करू." मी म्हणालो, "हेच मराठीत सांगा." तो हसला, मग मात्र बरे सांगितले. फुफ्फुसातली गाठ पसरली आहे, शस्त्रक्रियेची वेळ गेली. पूर्वी सर्वांना एकच औषध देत. आता गाठीचा तुकडा काढून तिची जनुके तपासतात आणि तिला लागू पडेल तेच देतात. "म्हणजे मापाने शिवलेला सदरा, आजोबा. दुकानातून तयार आणलेला नाही."

ही माझे सदरे जन्मभर घरीच शिवत आली. उपमा हिला आवडेल असे वाटले. ही खिडकीबाहेर पाहत होती.

"चालेल," मी म्हणालो.

९ फेब्रुवारी

तुकडा अपुरा पडला! पुन्हा सुई. "थोडासा कमी आला," म्हणे. भाजी तोलत होते काय?

२६ फेब्रुवारी

अहवाल आला. गाठीतले एक जनुक मंद आहे. त्यामुळे अमुक एका औषधाने झालेली इजा तिला सांधता येणार नाही. तेच औषध द्यायचे. एवढी रीतसर, कार्यकारणभावाने जोडलेली गोष्ट त्या इमारतीत प्रथमच ऐकली.

मुलीचा फोन. "बाबा, आईला विचारलंत का?"

तिला काय विचारायचे? अहवाल स्पष्ट आहे.

११ मार्च

ओकारी. दिवसभर ओकारी. बादली मीच धुतो. नाक दाबून धुतो, हिला दिसू देत नाही. नंतर साबणाने हात धुतो, पुन्हा धुतो, तरी जेवताना बोटांना तोच वास. शी!

ही म्हणाली, "अहो, तुम्ही नका करू. तुम्हाला साधी शेंबडी पोरं सोसायची नाहीत." खरे आहे. सोसत नाहीतच.

२ एप्रिल

पुन्हा कप फुटला. या पंधरवड्यातला कितवा, देव जाणे. हिने आयुष्यात भांडे आपटले नाही आणि आता हा निष्काळजीपणा!

शिवाय माझ्या पांढऱ्या सदऱ्याची गुंडी. किती दिवस मागे लागलो तेव्हा लावली. ती भलतीकडे, आणि खाली दोऱ्याचा गुंता — कोळ्याने अंडी घालावीत तसा. पाहून शिसारी आली. उसवून सदरा परत दिला. "नीट लावायची नसेल तर लावू नये," म्हणालो.

ही सदरा घेऊन आत गेली. स्वेटर उघडाच टाकून फिरते हल्ली. गबाळेपणा!

१८ एप्रिल

गाठ निम्मी झाली! डॉक्टरने पडद्यावर दोन चित्रे शेजारी शेजारी लावून दाखवली. "आजी, माप बरोबर बसलंय बघा!" मग नेहमीचे प्रश्न: भूक? बरी. झोप? ठीक. हातापायांना मुंग्या, बधिरपणा? नाही. सर्व उत्तरे मी दिली, मुद्देसूद दिली.

मुलगी फोनवर रडली. मीही जरा.

१९ एप्रिल

सदरा शिवणयंत्राच्या खणात सापडला. गुंडपट्टीवर तांबूस ठिपके. आधी वाटले, गंज. हिची बोटे पाहिली. टोचून टोचून चाळण झालेली.

"बोटांना कळतच नाही, सुई कुठे शिरली ते," ही म्हणाली. "कप सुटतो तेही कळत नाही. आवाज आला की कळतं."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत की. नाही म्हणून."

मी सदरा खाली ठेवला.

"त्या गाठीला विचारलं, बाई, तुला काय सोसत नाही? चांगलं केलं. पण तुमचा सदरा बेतताना मी तुम्हालाच समोर उभं करायचे ना? विचारायचे, काखेत काचतंय का? आणि तुम्ही तासभर सांगत बसायचात! मला कुणी उभं केलं?"

हे म्हणताना हसत होती. तेच सहन होईना.

२० एप्रिल

डॉक्टरला फोन केला. हातांचे सांगितले. त्याने लिहून घेतले. मग म्हणाला, "हे आधी सांगायला हवं होतं, आजोबा." औषध बदलता येईल, पण गाठीच्या मापाचे हेच. दुसऱ्याने ती कदाचित पुन्हा वाढेल. हेच चालू ठेवले तर बोटांना पुन्हा कळू लागेल याची हमी नाही. "आजींना काय हवंय?"

मी म्हणणार होतो, चालू ठेवा. शब्द जिभेवर आला होता. त्या शब्दाची, माझ्या आवाजाची, त्या मुद्देसूद "नाही"ची अशी किळस आली की फोन खाली ठेवला. बादलीची आली नव्हती इतकी.

२२ एप्रिल

दवाखाना. डॉक्टरने सवयीने मला विचारले. मी हिच्याकडे बोट केले.

ही बराच वेळ बोलली. मधे एकदाही बोललो नाही. शेवटी म्हणाली, "हे औषध आता पुरे."

गुंडी नसलेलाच सदरा घालून गेलो होतो.