जीपच्या सीटमधला मका

तळोदा, मंगळवार संध्याकाळ

गुलाबदादांची जुनी जीप गॅरेजात खोलताना सीटच्या आत कापडाची गाठ सापडली. मूठभर पांढरा मका, राखेत घोळलेला. राख लावतात ते बियाण्याला, एवढं मलाही कळतं. तरी भाजून खाल्ला. दगडासारखा होता, एक तुकडा दाढेतच अडकला.

पाचला दादा आले. "भाऊ, सीटमध्ये गाठ मिळाली का? धरणात आमचं गाव मणिबेली बुडालं तेव्हा आईनं शेतातलं बी लपवलं होतं. कुणी खाऊ नये म्हणून."

"उंदरानं खाल्लं वाटतं." खोटं इतकं पटकन कसं सुचतं मला?

दादा हसले. "जाऊ दे. भुकेला असेल बिचारा."

इतकं जुनं बी, उगवलं नसतंच. नसतंच ना?

तुकडा अजून दाढेत आहे. काढवत नाही.